बॅचलरेटसाठी अनुप्रासातली टोपणनावं: आधी माणूस, मग अक्षर

बॅचलरेटच्या, म्हणजे लग्नाआधी नवरीसाठी मैत्रिणींनी करायच्या पार्टीच्या, आदल्या रात्री साडेअकराला ग्रुपवर मेसेज येतो, "अगं, सगळ्यांची नावं करायची होती ना? 'स'वरून पटापट सुचवा." अर्ध्या तासात सुंदर सायली, सुंदर सोनल, सुशील समृद्धी अशी यादी तयार. दुसऱ्या दिवशी गोव्यातल्या व्हिलात बाराजणी बिल्ले लावून फिरतात. त्यातल्या चौघींना आपलं नाव पटलेलं नसतं आणि दोघी मनातल्या मनात शेजारणीच्या बिल्ल्याशी तुलना करत असतात.

माझ्या मामेबहिणीच्या पार्टीला हे काम माझ्याकडे होतं. 'भ'वरून पहिला शब्द सुचला 'भारी', म्हणून 'भारी भाग्यश्री' असा बिल्ला मी हौसेने रंगवला. भाग्यश्री अंगाने भरलेली आहे आणि त्यावरून तिने आयुष्यभर ऐकून घेतलंय, हे बिल्ला तिच्या हातात देईपर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही. तिने तो वाचला, हसली, आणि कोरी बाजू वर करून लावला. रात्रभर तसाच.

मी 'भ'पासून सुरुवात केली होती आणि भाग्यश्रीपर्यंत पोचलेच नव्हते. खालचा क्रम त्या रात्रीनंतर बसवलेला आहे. 10-12 जणींसाठी पंधरा दिवस हाताशी ठेवा. प्रत्यक्ष नावं करायला दोन संध्याकाळी पुरतात, बाकीचे दिवस विचारपूस आणि छपाईत जातात.

## टप्पा 1: यादी करा, पण हाकेच्या नावांची

वहीत चार रकाने आखा: ग्रुपमध्ये तिला काय हाक मारतात, ती स्वतःचं नाव कसं लिहिते, नवरीशी नातं काय, आणि तिला नीट ओळखणाऱ्या दोघी कोण.

अनुप्रास हाकेच्या नावाशी जुळवायचा. आधार कार्डावर ऐश्वर्या असेल, पण कॉलेजपासून सगळ्या तिला 'ऐशू' म्हणत असतील तर 'ऐटबाज ऐशू'. मात्र घरातलं लाडाचं नाव फक्त घरच्यांनाच माहीत असेल, तर ते परस्पर फोडू नका. ऑफिसच्या मैत्रिणींसमोर अचानक 'पिंकी' झालेली बाई ते सहजासहजी विसरत नाही.

दुसरा रकाना आत्ताच भरा. दीपाली की दिपाली, ऊर्मिला की उर्मिला, अदिती की आदिती? इथे शुद्धलेखनाचे नियम चालवू नका. ती जसं लिहिते तसंच.

एकाच नावाच्या दोघी असतील तर दोघींचं काम एकाच बैठकीत करा. 'पराक्रमी पूजा' आणि 'प्रेमळ पूजा' चालेल. एकीचं घाईने आधी ठरवलं, की दुसरीच्या वाट्याला उरलंसुरलं येतं आणि ते दिसतं.

मावशी, वहिनी, होणारी नणंद येणार असतील तर त्यांच्या नावापुढे खूण करा. त्यांचं वेगळं आहे, ते टप्पा 5 मध्ये.

## टप्पा 2: गुण गोळा करा, विशेषणं नको

प्रत्येकीला ओळखणाऱ्या दोघींना विचारा. "ती कशी आहे?" असं विचारलंत तर उत्तर येतं "छान आहे गं". त्याचा काही उपयोग नाही. असं विचारा:

- कुठल्या अडचणीत तू पहिला फोन तिला करशील?
- तिने केलेली कुठली गोष्ट तू अजून सांगत असतेस?
- ती आली नाही तर काय कमी वाटतं?

उत्तर एका ओळीत लिहून ठेवा, शक्यतो प्रसंगासकट. "ट्रेकला पाय मुरगळला तेव्हा माझी सॅक घेऊन उतरली." हा प्रसंग पुढे नाव जाहीर करताना लागणार आहे.

यादीतून आधीच खोडायच्या गोष्टी: रंग, उंची, वजन, वय, लग्न (झालेलं, न झालेलं, मोडलेलं), मूल, पगार. कौतुकानेसुद्धा नको. 'गोरी गौरी' म्हटलंत की शेजारच्या सावळीला काय म्हणायचं राहून गेलं, ते सगळ्यांना कळतं. लग्नाच्या जाहिरातीतली भाषाही टाळा. सुस्वरूप, सुशील, सोज्वळ, गृहकृत्यदक्ष ही स्थळांच्या वहीतली विशेषणं आहेत. बॅचलरेटला ती वाचली की टोमणा वाटतो, नाहीतर विनोद.

थांबा: 'सुगरण सायली' लिहिण्याआधी विचारा, सायलीला स्वयंपाक आवडतो की तिच्यावर पडतो? बेकरी चालवत असेल तर जरूर लिहा. घरी रोज दोन वेळा सगळ्यांचं करून कंटाळली असेल तर आज तरी तिला ओट्यापासून लांब ठेवा.

## टप्पा 3: अक्षर पाहू नका, आवाज ऐका

सर्वाधिक नावं इथे फसतात. अनुप्रास कानाचा असतो. कागदावर पहिलं अक्षर सारखं दिसलं म्हणजे तो साधला असं नाही.

च आणि ज दोन-दोन आहेत. 'चोखंदळ'मधला च दाताजवळचा, 'चोर' किंवा 'चव' यांच्यासारखा. 'चित्रा'मधला टाळूवरचा, 'चिवडा'सारखा. 'चोखंदळ चित्रा' मोठ्याने म्हणा, अडखळायला होतं. 'चतुर चित्रा' गुळगुळीत जातं. ज चंही तेच: 'जबरदस्त जुई' जमतं, कारण दोन्हीकडे 'जोर'मधला ज आहे. 'जबरदस्त जयश्री' जमत नाही. जयश्रीला, जान्हवीला 'जिद्दी' द्या.

श आणि स एकत्र करू नका. 'सुरेल शर्वरी' लिहिताना चटकन लक्षात येत नाही, पण म्हणताना जीभ घसरते. तसंच क-ख, ग-घ, ब-भ. 'बहारदार भार्गवी' जवळपास आहे, पण 'भन्नाट भार्गवी' अचूक आहे. अचूक मिळत असताना जवळपासवर समाधान मानू नका.

जोडाक्षराला जोडाक्षर. प्राजक्ताला 'प'वरून काहीही चालतं असं वाटतं, पण 'पक्की प्राजक्ता' आणि 'प्रेमळ प्राजक्ता' यांतला फरक ऐका. स्वातीला 'स्वच्छंदी', श्रुतीला 'श्रीमंत मनाची'. अश्विनीला 'अष्टपैलू' दिलं तर पुढचं जोडाक्षरही साथ देतं: अष्ट-अश्वि.

ऋ म्हणजे आपल्याकडे रु. 'रुबाबदार ऋतुजा' मराठी कानाला चोख बसतं. हिंदी बोलणाऱ्या मैत्रिणी 'रितुजा' म्हणतील, तरी र जुळतोच.

ज्ञ चं कोडं. ज्ञानदा, ज्ञानेश्वरी ही नावं आपण 'द्न्य' अशी उच्चारतो. 'दिलखुलास ज्ञानदा' कानाला बरं लागतं, पण खांद्यावरून घालायच्या पट्टीवर छापलं की बघणारी विचारते, "ह्यात अनुप्रास कुठाय?" नावं फक्त माइकवरून पुकारणार असाल तर घ्या. छापणार असाल तर तिच्या हाकेच्या नावावर जा. ज्ञानदाला बहुतेक कुणीतरी 'दा' किंवा 'नदू' म्हणतच असतं.

स्वरांत थोडी सूट आहे. अ आणि आ एकमेकांत खपतात ('आनंदी अदिती'), पण 'अफलातून अदिती' अधिक ठसकेबाज. 'उमदी उमा' तर पाठच होऊन जातं.

तपासा: विशेषण आणि नाव सलग तीनदा भरभर म्हणा. तिसऱ्यांदा अडखळलात तर शब्द बदला.

## टप्पा 4: प्रत्येकीला तीन शब्द, मग निवड

आता टप्पा 2 चा गुण आणि टप्पा 3 चा आवाज समोरासमोर ठेवा. पहिल्या शब्दावर थांबू नका. पहिला शब्द सगळ्यांनाच सुचतो, म्हणून तर प्रत्येक पार्टीत एक 'सुंदर स' आणि एक 'मस्त म' असते.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवते. ऋतुजा, पुण्यात नोकरी. एकीने सांगितलं, "रात्री दोनला फोन केला तरी उचलते." दुसरीने सांगितलं, "हॉस्टेलवर कुणी उशिरा आलं की ही जागी." म्हणजे गुण हा की ही पाठीशी उभी राहते. आवाज र किंवा रु.

सुचलेले शब्द: रुबाबदार, रोखठोक, रणरागिणी, रखवालदार, राखणदार.

'रुबाबदार' ऐकायला उत्तम, पण तो तिचा गुणच नाही. हिला ट्रॅक पँटमध्येच बघितलंय सगळ्यांनी. 'रोखठोक'मध्ये "तोंडाची फटकळ" असा वास येतो. 'रणरागिणी' वर्तमानपत्रातल्या मथळ्यासारखं. 'रखवालदार' म्हटलं की हातात काठी आणि शिट्टी. 'राखणदार ऋतुजा' मात्र बसलं. कोकणातल्या मुलींना त्यात गावाची राखण करणारा देवही दिसला. एकीने तर ऋतुजाला नारळ द्यायला हवा म्हणून सांगितलं.

शब्द शोधायला कोश उघडायला हरकत नाही. बृहद्कोश या संकेतस्थळावर बरेच जुने मराठी कोश एकत्र चाळता येतात. मात्र त्यांतल्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1857 सालची आहे. त्यात सापडलेला शब्द आज कुणी बोलत नसेल तर तो सोडून द्या. बिल्ल्याखाली अर्थ लिहावा लागला तर टोपणनाव फुकट गेलं.

सुरुवातीला हाताशी असावेत असे काही: मनकवडी मानसी, हजरजबाबी हर्षदा, धडाडीची धनश्री, नेटकी नेहा, तडफदार तन्वी, लाघवी लीना, फर्मास फाल्गुनी, करारी कल्याणी, मिश्कील मृण्मयी, दिलदार दीपाली, वाकबगार वैदेही. हे जसेच्या तसे उचलायला नाहीत. धनश्री खरोखर धडाडीची असेल तरच.

एकच विशेषण पुरत नसेल तर दोन शब्द घ्या: 'पट्टीची पोहणारी पल्लवी'. तीन शब्दांपुढे जाऊ नका, तो उखाणा होतो.

व्याकरणाची एक नजर: आकारान्त विशेषण ईकारान्त करा (हसरा नव्हे, हसरी). 'गुणवान गायत्री', 'बुद्धिमान बकुळ' अशी पुल्लिंगी रूपं नकळत येतात. गुणवती, बुद्धिमती हवं. तेही जड वाटलं तर सरळ 'गुणी गायत्री'.

## टप्पा 5: मोठ्या बायका आणि सासरकडच्या

मावशीला एकेरी नावाने बिल्ला देऊ नका. नात्याच्या शब्दालाच अनुप्रास लावा: मनमोकळी मावशी, आनंदी आत्या, मायाळू मामी. 'काळजीवाहू काकू' आमच्याकडे फार गाजलं, कारण काकू खरंच सगळ्यांची औषधं पर्समध्ये घेऊन फिरतात. काळजीवाहू सरकारवरचे विनोद मग ओघाने आलेच. दोन मावश्या असतील तर नाव जोडा: 'सदाबहार सुमनमावशी'.

होणाऱ्या नणंदेच्या बाबतीत थट्टेला जागाच ठेवू नका. 'नटखट नणंद' तुम्हाला गंमत वाटेल, पण तिला घरी जाऊन तो फोटो आईला दाखवायचा आहे. तिच्या नावावरून सरळ, स्वच्छ कौतुक करा. गुण माहीत नसेल तर नवरीला विचारा. नवरीलाही माहीत नसेल तर तिला होणाऱ्या नवऱ्याकडून काढून घ्यायला लावा. तेवढंच एक काम त्याला.

मराठी न बोलणारी मैत्रीण असेल तर दोन्ही भाषांत चालणारा शब्द घ्या (दिलदार, अव्वल, निडर) आणि अर्थ तिला आधी सांगा. आपण सगळ्या हसतोय आणि आपल्या छातीवर काय लिहिलंय हे तिला कळत नाही, अशी वेळ आणू नका.

## टप्पा 6: चाळणी लावा

प्रत्येक नाव या चारांतून गेलं पाहिजे.

1. टोमण्याची चाळणी. "काय, शहाणी!" असं आपण कधी म्हणतो? कौतुकाने क्वचितच. 'शहाणी शर्वरी' म्हणून बाद. चालू, शिष्ट, भोळी, बोलघेवडी, लाडावलेली, फटाकडी, साधी हेही बाद. 'गोंडस' आणि 'गुटगुटीत' तान्ह्या बाळासाठी ठेवा. आणि 'भारी' कुणाला, ते तर तुम्हाला कळलंच.

2. जुन्या जखमेची चाळणी. शब्द निरुपद्रवी, पण व्यक्तीला लागणारा. नुकतीच नोकरी गेलेलीला 'कामसू', नातं तुटलेलीला 'स्वच्छंदी'. हे तुम्हाला कळणार नाही, तिच्या जवळच्या मैत्रिणीला कळेल.

3. स्टेटसची चाळणी. बिल्ल्यासकट फोटो व्हॉट्सॲपवर जाणारच. तिची सासू, तिचा बॉस, तिची आठवीतली मुलगी यांनी वाचलं तर ती अवघडेल का?

4. अंगणाची चाळणी. व्हिलाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या तिला पूर्ण नावाने हाक मारून बघा. "ए हजरजबाबी हर्षदाऽऽ" मस्त जातं. जे हाक म्हणून निघत नाही ते पार्टीत कुणी वापरत नाही.

## टप्पा 7: सगळी यादी शेजारी शेजारी

नावं सुटी सुटी बरी वाटतात, भांडण यादीत होतं. सगळी एका कागदावर लिहा आणि एका दमात वाचा. तिघी दिसण्यावरून आणि दोघी कष्टावरून असतील तर कष्टाळू दोघींना कळतं. 'मनमोहक मुग्धा'शेजारी 'मेहनती मेघा' म्हणजे मेघा दिसायला बरी नाही, असंच वाचलं जातं, तुम्ही काहीही म्हणा. माझा उपाय साधा आहे: दिसण्यावरून कुणालाच नाव द्यायचं नाही. सगळ्या स्वभावावरून किंवा कर्तबगारीवरून.

एकच विशेषण दोनदा आलंय का तेही इथेच सापडतं. आणि वजन पाहा: बारापैकी अकरा नावं धमाल आणि एकच 'समंजस समृद्धी' असेल, तर समृद्धीवर पुन्हा बसा. तिच्याबद्दल तुम्ही पुरेसं विचारलेलं नाही.

नवरीचं नाव शेवटी ठरवा. ते सर्वांत वरचढ असायची गरज नाही, तिच्याकडे तसंही सगळे बघणार आहेत.

## टप्पा 8: एकीला दाखवून घ्या

सरप्राइज राखायचं असलं तरी प्रत्येक नाव तिच्या एका जिवलग मैत्रिणीला दाखवा. "कसं वाटतं?" असं विचारू नका. "ह्यात तिला खुपेल असं काही आहे का?" असं विचारा. उत्तर द्यायला तिने दोन सेकंद घेतले तर शब्द बदला, कारण विचारत बसू नका.

## टप्पा 9: छपाई

पट्टी असो, बिल्ला असो की कप, देवनागरी छापताना नावांची वाट इथे लागते. मोबाइलवर टाइप केलेलं युनिकोडमधलं नाव छपाईवाल्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवलं, की पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षर फुटून 'प्राजक्ता'चा पाय मोडलेला प वेगळा पडतो आणि रफार भलत्याच अक्षरावर बसतो. शर्वरी, हर्षदा, ऊर्मिला आणि भार्गवी या चौघी हमखास अडकतात.

- मजकूर नुसता मेसेजमध्ये पाठवू नका. मुक्ता किंवा बालूसारख्या युनिकोड फाँटमध्ये मांडून पीडीएफ किंवा चित्र द्या.
- दुकानात श्रीलिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा टाइप करणार असतील तर सोबत स्वच्छ हस्ताक्षरात यादी द्या.
- छापण्याआधी प्रत्येक नावाचा नमुना मागवा आणि टप्पा 1 च्या दुसऱ्या रकान्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. एकीने वाचायचं, दुसरीने वहीत बोट ठेवायचं.
- पट्टीवर वर मात्रेला आणि खाली उकाराला जागा सोडायला सांगा. रोमन अक्षरांच्या मापाने काठोकाठ छापलं की 'सुमन'चा उकार शिलाईत जातो.

छापून हातात यायला चार दिवस तरी मोकळे ठेवा, म्हणजे एखादं चुकलं तर पुन्हा करता येतं.

## टप्पा 10: वाटायचं कसं

टेबलावर ढीग करून "आपापलं घ्या गं" असं करू नका. एकेकीला पुढे बोलवा, टप्पा 2 मधला प्रसंग एका वाक्यात सांगा आणि मग नाव पुकारा. "हॉस्टेलवर आपण परत येईपर्यंत जिच्या खोलीतला दिवा बंद झाला नाही, ती राखणदार ऋतुजा!" प्रसंग आधी, नाव नंतर. उलटं केलंत तर टाळ्यांच्या गोंगाटात प्रसंग कुणाला ऐकूच जात नाही.

क्रम वयाचा किंवा जवळिकीचा नको, चिठ्ठ्या उचला. पहिलं नाव मात्र तुमच्या यादीतलं खात्रीचं असू द्या, त्यावर हशा आला की पुढच्या सैलावतात.

आणि पिशवीत दोन कोऱ्या पट्ट्या आणि जाड मार्कर ठेवा. एखादी आयत्या वेळी येते, एखादीला नाव रुचत नाही. नाही रुचलं तर समजावत बसू नका, मार्कर तिच्याच हातात द्या. मामेबहिणीच्या लग्नात हळदीच्या दिवशी मी भाग्यश्रीला मार्कर दिला होता. तिने क्षणभर विचार केला आणि लिहिलं, 'भाव खाणारी भाग्यश्री'. मला ते शंभर वर्षांत सुचलं नसतं.